कागदावरचे अकरा

मी आयुष्यात एकही नियम मोडलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही शोधत बसाल की यानं नेमका कुठला नियम मोडला, आणि तो तुम्हाला सापडणार नाही. मी शोधून थकलो आहे.

हौशी रेडिओचा परवाना माझ्याकडे एकतीस वर्षं आहे. हौशी म्हटलं की लोकांना वाटतं, चाललाय रिकामटेकड्यांचा खेळ. तसं नसतं. परीक्षा द्यावी लागते, परवाना मिळवावा लागतो आणि मग तो राखावाही लागतो. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं, किती ताकदीनं बोलायचं, काय अजिबात बोलायचं नाही, हे सगळं ठरलेलं आहे. कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं आपलं नाव, सांगितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि जेवढं बोललो तेवढं नोंदवहीत उतरवायचं: तारीख, सुरू केल्याची वेळ, थांबल्याची वेळ. नियमांचं ते पुस्तक मला तोंडपाठ आहे. परीक्षेला बसणाऱ्या नवशिक्यांना मी रेडिओवरूनच शिकवतो, मंगळवारी धडा आणि शुक्रवारी उजळणी. त्यात एक दातांची डॉक्टरीण आहे, एक गवंडी आहे, दोन कारकून आहेत. ते मला मास्तर म्हणतात. माघारी कायद्याचा किडा म्हणतात, तेही माझ्या कानावर आलेलं आहे. रेडिओवाल्याच्या कानावर सगळंच येतं.

बायको वाचनालयात नोकरीला आहे, चारला सुटते. तिचा एकच नियम आहे: "मी घरात पाऊल टाकायच्या आत तुमची बडबड संपलेली पाहिजे." तोही मी कधी मोडला नाही. माझ्या रेडिओच्या खोलीत ती झाडू मारण्यापुरतीही येत नाही. सवतीच्या खोलीत कशाला जाऊ, म्हणते.

भारताच्या पश्चिमेला, समुद्रापलीकडे आम्हा मराठी लोकांची ही इमारत तीन मजली, मी सगळ्यात वर, आणि माझ्या डोक्यावर गच्चीत अँटेना. त्यामुळे कोणाचं काहीही बिघडलं की सगळ्यांच्या नजरा वर. टीव्हीवर मुंग्या आल्या, मास्तर. फोन मध्येच तुटतो, मास्तर. तळमजल्यावरच्या बाईंचं दूध नासलं तेव्हाही त्यांनी एकदा गच्चीकडे बघून घेतलं होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली की लोक कावळ्याला धरतात, आणि इथला कावळा मी. दहातल्या नऊ तक्रारी खोट्या निघतात. कोणाची वायर सैल असते, कोणी कुठूनतरी स्वस्तातला दिवा आणलेला असतो. दहावी तक्रार माझ्या बरोबर खाली राहणाऱ्या टाचणीची होती, आणि ती खरी होती.

टाचणी हे काही तिचं नाव नव्हे. पडदे शिवते, कायम ओठांत चार टाचण्या धरलेल्या, आणि अंगानंही तशीच, म्हणून इमारतीनं ठेवलेलं नाव. चाळिशी ओलांडलेली. लग्न केलं नाही, की आईपायी राहून गेलं, ते मी कधी विचारलं नाही. आई अंथरुणाला खिळलेली होती. अर्धांगवायूनं डावी बाजू गेली, वाचा गेली, उजवा हात तेवढा शाबूत. टाचणीचं मशीन रस्त्याकडच्या खोलीत, उजेड तिकडे म्हणून. आईची खाट मागच्या खोलीत. मध्ये लांबट बोळ. मशीन सुरू असताना आई कण्हली तर पुढे ऐकू जायचं नाही. म्हणून तिनं बाजारातून बिनतारी बेल आणली. बटण आईच्या उजव्या हाताला पट्टीनं बांधलेलं, भोंगा मशीनशेजारी. छातीत कफ दाटला की आई बटण दाबायची. टाचणी धावत जायची, तिला उठवून बसवायची, पाठीवर थापट्या मारायची, की श्वास मोकळा व्हायचा. दिवसातून दोनदा, कधी चारदा.

बेल अधूनमधून वाजत नाही, असं तिच्या लक्षात आलं. कधी वाजत नाही ते तिला सांगता येईना, कारण न वाजलेली बेल कळणार कशी? आत गेल्यावर आईचा रडवेला चेहरा दिसायचा, तेव्हा कळायचं. तिनं परवान्याच्या कचेरीत लेखी तक्रार टाकली. माझं डोकंच फिरलं. वीस पायऱ्या चढून माझं दार वाजवायचं सोडून ही बया कचेरीला पत्र लिहिते? नंतर कळलं की ती दोनदा वर येऊन गेली होती. मी कानांवर हेडफोन चढवून बसलो होतो.

कचेरीतून निरीक्षक आला. माझ्याच वयाचा, जिने चढून दमलेला माणूस. त्यानं पेटीतून मीटर काढलं, माझ्या सेटची ताकद मोजली, फ्रिक्वेन्सी तपासली, अर्थिंग पाहिलं. कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. मग आम्ही खाली गेलो. मी टाचणीकडून भोंगा मागून घेतला, उलटा केला आणि चष्मा कपाळावर सरकवून पाठीवरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली: या उपकरणानं त्याला होणारा कोणताही व्यत्यय सहन केला पाहिजे.

"नियमच आहे," मी म्हणालो. "तुझ्या बेलची आणि माझी फ्रिक्वेन्सी शेजारी शेजारी येते. मी फ्रिक्वेन्सींच्या त्या पट्ट्यात बोललो की ती बहिरी होते. तिथं माझ्याकडे परवाना आहे. तिच्याकडे नाही. ती तिथली पाहुणी."

टाचणीनं ओठांतल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या. "काका, बेलला मी सांगेन हो सहन कर म्हणून. आईला कसं सांगू?"

निरीक्षक हसला. मला काही हसू आलं नाही. जिन्यात तो थांबला आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्याकडे वायर असेलच. तासाभराचं काम आहे. साधी तारेची बेल टाकून द्या ना तिला. नियम नाही, आपला शेजारधर्म म्हणून."

"बघू," मी म्हणालो.

वायरचं भेंडोळं माझ्या पलंगाखालीच होतं. पण जिनं माझ्याविरुद्ध तक्रार केली तिच्या घरी दुसऱ्याच दिवशी ड्रिल घेऊन जायचं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं. जरा आठवडाभर जाऊ दे, मग बघू, असं मी ठरवलं. तोवर तोडगा म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या एक कागद लिहिला. त्या पट्ट्यात मी कधी कधी बोलतो त्या वेळा, ठळक अक्षरांत: मंगळवार अकरा ते साडेअकरा, शुक्रवार अकरा ते साडेअकरा. शनिवारी तो तिच्या हातात दिला.

"एवढा वेळ मशीन बंद ठेवून आईजवळ बसायचं," मी सांगितलं. "बाकी दिवसभर बेल वाजलीच पाहिजे. नाही वाजली तर दोष बेलचा, माझा नाही."

तिनं तो कागद मशीनच्या वर भिंतीवर चार टाचण्यांनी टाचला. "किती सोपं होतं काका," म्हणाली. "मी उगाच कचेरीला लिहिलं." मला बरं वाटलं.

मंगळवारी तिची आई गेली. किंकाळी ऐकून मी धावत खाली उतरलो. डॉक्टरला फोन मीच केला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टाचणी आणि तिचा मोठा भाऊ वर आले. हा भाऊ दुसऱ्या गावात असतो. वर्षातून दोनदा येतो, येताना फळं आणतो आणि जाताना सल्ले देऊन जातो. बायको चहा टाकायला आत गेली. टाचणीच्या हातात भिंतीवरचा तो कागद होता, चारी कोपऱ्यांना भोकं पडलेला. ती उभ्याउभ्याच बोलायला लागली.

"काका, मंगळवारी अकराला मी मशीन बंद केलं, तुमच्या कागदाप्रमाणे. साडेअकरापर्यंत आईजवळ बसले. तिचे केस विंचरले. मग तिला भरवलं, मी जेवले, दोनपासून परत मशीनवर. पावणेचारला सहज आत गेले, तर... तिचा अंगठा बटणावर होता. डॉक्टर म्हणाले, तीन ते साडेतीनच्या मध्ये गेली. कफ अडकून."

"आणि हिला बेल ऐकू आली नाही," भाऊ म्हणाला. "भोंगा कानापासून हातभर अंतरावर. मी स्वतः दाबून बघितली, खणखणीत वाजते. एक म्हातारी सांभाळायची होती, तेवढंही जमलं नाही. डुलकी लागली असेल. निदान कबूल तरी कर म्हणावं."

"मी झोपले नव्हते रे." ती माझ्याकडे वळली. "काका, एकच विचारायचंय. मंगळवारी तुम्ही कागदाबाहेर काही बोललात का? तीनच्या सुमारास? चुकून?"

मी नोंदवही उघडली. आपली वही कोणीही, कधीही मागावी आणि आपण ती पुढे करावी, हे मी धड्यात नेहमी सांगतो. मंगळवारच्या ओळीवर बोट ठेवलं: सुरू अकरा वाजून दोन, बंद अकरा वाजून चोवीस. टाचणीनं शेजारी कागद ठेवला: अकरा ते साडेअकरा. दोन्हीकडे माझंच वळणदार अक्षर. आणि तेव्हा मला कळलं.

हे नीट सांगितलं पाहिजे. आम्ही रेडिओवाले वहीत घरच्या घड्याळाची वेळ लिहीत नाही. मी इथं दुपारी बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याकडे पहाट असू शकते. मग कोणाची वेळ खरी धरायची? म्हणून जगभरचे आम्ही सगळे एकच वेळ लिहितो, तिला जागतिक वेळ म्हणतात, आणि ती आमच्या इथल्या घड्याळापेक्षा चार तास मागे आहे; भारतात असतो तर साडेपाच तास असती. माझ्या टेबलावर त्याच वेळेचं घड्याळ आहे. त्या खुर्चीत बसून एकतीस वर्षांत मी दुसरी वेळ लिहिलेली नाही. नवशिक्यानं वहीत स्थानिक वेळ लिहिली तर मी त्याला परत पहिल्या पानापासून बसवतो. टाचणीचा कागद मी त्याच खुर्चीत, त्याच घड्याळाकडे बघून लिहिला होता. माझे अकरा म्हणजे तिचे तीन.

ती अकराला आईचे केस विंचरत होती तेव्हा मी वर पाय पसरून पेपर वाचत होतो. आणि तीनला ती निर्धास्त मशीनवर बसली, कारण कागद सांगत होता की आता बेल वाजणारच. त्या वेळी मी बरोबर तिच्या डोक्यावर माइकचं बटण दाबून धडा देत होतो. खरी लाज वेगळीच आहे. ते दोन दिवस मी मनातल्या मनात तिलाच दोष देत होतो. तीनला आईजवळ बस म्हणून लिहून दिलं होतं ना, मग ही मशीनवर कशी? माझ्या डोक्यात त्या कागदावर तीनच लिहिलेले होते.

भाऊ वहीवर वाकला. "अकरा दोन ते अकरा चोवीस. झालं. काका बिचारे कागदाला धरून आहेत."

टाचणी वहीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"कागदाप्रमाणेच बोललो," मी म्हणालो.

यात एक शब्दही खोटा नव्हता. मी काही ध चा मा केला नव्हता. लिहिलं होतं तेच उघडून दाखवलं. ते त्यांनी आपल्या घड्याळानं वाचलं, त्याला मी काय करणार? अशी वकिली मी पुढे स्वतःजवळ पुष्कळ केली. खरं सांगायचं तर मी घाबरलो. परवाना जाईल म्हणून नव्हे. शेजाऱ्याला वेळा कुठल्या घड्याळानं द्याव्यात असा नियमच नाही, परवान्याला धक्काही लागला नसता. पण लोकांच्या बारीकसारीक चुकांवर बोट ठेवण्यात जन्म घालवला, आणि आपल्या एका चुकीनं माणूस मेलं, हे मला उच्चारता येईना.

बायको चहा घेऊन आली. भावानं कप घेतला. टाचणी म्हणाली, "नको काकू," कागदाची घडी केली आणि खाली गेली.

त्या दिवसापासून मी तो पट्टा बंद केला. धडाही नाही, उजळणीही नाही. घसा बसलाय असं कळवलं. दातांच्या डॉक्टरिणीनं फोन करून मिठाच्या गुळण्या करायला सांगितलं. आपण गप्प बसलो म्हणजे निदान आणखी काही बिघडणार तरी नाही, असा माझा हिशेब होता.

पुढच्या आठवड्यात बायको कामावरून आली आणि पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "मी जरा खाली जाऊन येते. टाचणीनं बोलावलंय."

"कशाला?"

"बेल तपासायला. ती मशीन चालवणार, मी आतल्या खोलीतून बटण दाबायचं. ऐकू येते का ते बघायचंय तिला."

ती गेली. आमच्या घरची जमीन पातळ आहे. खालचं मशीन सुरू झालं की ते तळपायांना कळतं. ते सुरू झालं. थोड्या वेळानं बेल वाजली आणि मशीन थांबलं.

"वाजली," बायको वर येऊन म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही वाजली. तिसऱ्या दिवशी टाचणीनं जाडजूड कापडाच्या चार घड्या मशीनच्या सुईखाली घातल्या, आवाज मोठा व्हावा म्हणून. तरी वाजली. मग खिडकी सताड उघडून, रस्त्याचा गोंगाट आत घेऊन. मग भोंग्यावर पडद्यांचा ढीग टाकून. वाजली. वाजणार नाही तर काय? तिला बहिरं करणारा मी वर हाताची घडी घालून बसलो होतो. मी जितका शहाण्यासारखा गप्प, तितकी बेल खणखणीत, आणि तितकी टाचणी गुन्हेगार. रोज पाच वाजता माझीच बायको जाऊन बटण दाबायची आणि ती बाई स्वतःविरुद्धचा पुरावा कानांनी ऐकायची.

"पुरे झालं म्हणावं आता," मी एकदा म्हणालो.

"तुम्हीच सांगा ना. बेलचं बिलचं तुम्हालाच कळतं, तुमचं ऐकेल ती." बायको चपला काढत होती. "तिला एकदा तरी न वाजलेली हवी आहे हो. फक्त एकदा. तेवढ्यासाठी चाललंय सगळं."

मी पेपर तोंडासमोर धरला. हे मी लिहितोय तेव्हा माझीच मला किळस येते.

असे दोन आठवडे गेले. मग एके दिवशी बायको पाच मिनिटांतच वर आली आणि चपला न काढता खुर्चीत बसली.

"आज तिनं बटण दाबूच दिलं नाही. म्हणाली, आता नको काकू, मला आठवलं."

"काय आठवलं?"

"बेल वाजली होती म्हणे. त्या मंगळवारी, तीन वाजून गेल्यावर. पडद्याची शेवटची टीप चालली होती. एवढी संपवून उठते म्हणून ती बसून राहिली. मग परत वाजली. मग परत. आणि ती उठली नाही. सगळं लख्ख आठवतंय म्हणते, पडद्याचा रंगसुद्धा. भावाला फोन करून तसं सांगितलं तिनं. तो म्हणाला, मला माहीतच होतं. मशीन विकायला काढलंय. म्हणते, या हातांना आता काम करायचा हक्क नाही."

जी बेल वाजलीच नव्हती ती त्या बाईनं स्वतःच्या डोक्यात वाजवून घेतली होती, कारण रोज तपासून दुसरा काही अर्थच निघत नव्हता. मी तिच्या माथी माझी चूक नुसती राहू दिली नव्हती; ती तिला पडद्याच्या रंगासकट आठवायला लावली होती. मला वाटायचं, गप्प बसणं म्हणजे काहीच न करणं.

"तिला उद्या शेवटचं एकदा तपासायला सांग," मी म्हणालो. "पाच वाजता. म्हणावं, मास्तरांनी सांगितलंय."

"आता कशाला?"

"सांग तर."

खरं म्हणजे उठून खाली जायचं आणि चार वाक्यं बोलायची, एवढंच होतं. पण रेडिओवर तासन्‌तास चालणारी जीभ त्या चार वाक्यांना रेटेना. म्हणून जे तोंडानं सांगायचं ते माइकनं सांगायचं ठरवलं. भित्रेपणाच तो, त्याला दुसरं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी पाचला बायको खाली गेली. मी सेट लावला. पायांखाली मशीन सुरू झालं. मी बटण दाबलं, कॉलसाइन सांगितलं, चाचणी करतो आहे असं म्हणालो आणि बटण दाबून धरलं. मशीन चालूच राहिलं. बोळातून बायकोचा आवाज आला, "दाबतेय गं!" मशीन चालूच. "अगं कधीची दाबतेय!" मग मशीन थांबलं. पावलं बोळातून मागे गेली, परत पुढे आली. मी बटण सोडलं, तशी खाली बेल वाजली. पुन्हा कॉलसाइन सांगून बटण दाबलं, बेल गप्प झाली. सोडलं, वाजली. तिसऱ्यांदा दाबायची वेळ आली नाही. जिन्यावर दोघींची पावलं वाजली, म्हणून मी जाऊन दार उघडलं.

टाचणीनं कागद आणला होता.

"काका, तुम्ही होतात?"

"हो. तो कागद बघ. त्यावरचे अकरा आपल्या घड्याळाचे नाहीत. आमच्या वहीत जागतिक वेळ लिहितात, ती चार तास मागे असते. मी सवयीनं तीच लिहिली. आपल्याकडे तेव्हा तीन वाजलेले असतात."

तिनं बोटांवर मोजलं. बारा, एक, दोन, तीन. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. माझी बायको तिच्या मागे उभी होती, तिनं तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे बेल वाजलीच नव्हती," टाचणी म्हणाली.

"नव्हती. तुला आठवतंय ते तसं झालेलं नाही. तू जागी होतीस आणि बेल वाजली नाही."

मला वाटलं होतं, ती रडेल, शिव्या देईल, काहीतरी करेल. ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि तुम्ही वही दाखवलीत त्या दिवशी? तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?"

मी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती.

"तेव्हाच कळलं," मी म्हणालो.

"तरी काकूंना रोज बटण दाबू देत होता."

बायकोनं पुढे होऊन टाचणीच्या दंडाला धरलं. "चल," ती तिला म्हणाली. दोघी चारपाच पायऱ्या उतरल्या आणि टाचणी कठड्याला धरून थांबली. तिनं मान वर केली.

"किती वेळ बोलत होता, काका? त्या दिवशी?"

हे साऱ्या जगात एकट्या मला ठाऊक होतं, आणि मिनिटापर्यंत ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपली वही इतरांसारखी गबाळी असती तर बरं झालं असतं.

"बावीस मिनिटं."

"सलग? मध्ये कुठंच थांबला नाहीत?"

"दोनदा थांबलो," मी म्हणालो. "दर दहा मिनिटांनी दोन सेकंद थांबायचं असतं. कोणाला काही तातडीचं सांगायचं असेल तर."